घेणाऱ्याचें नांव

माझे मामा दारव्ह्यास चाळीसहून अधिक वर्षें वकिली करून आतां घरीं बसले आहेत. वय ब्याऐंशी. डोळे थकले, हात कांपूं लागला, आणि सही करतांना अक्षर ओळीवरून घसरूं लागलें, तेव्हां एके दिवशीं त्यांनीं कपाट उघडून आंतील एक वस्तु टेबलावर आणून ठेविली आणि ते मला म्हणाले, "हें आतां विकून टाकावें म्हणतों." ती वस्तु म्हणजे त्यांचें .३२ बोअरचें विलायती रिव्हॉल्व्हर. १९८६ सालीं जमिनीच्या एका तंट्यांत त्यांना धमकीचीं पत्रें येऊं लागलीं, त्या वेळीं परवाना काढून त्यांनीं तें एका निवृत्त अधिकाऱ्याकडून विकत घेतलें होतें. त्यानंतरच्या जवळजवळ चाळीस वर्षांत तें कोणावर रोखलें गेलें नाहीं. वर्षांतून एकदां, खंडेनवमीला, विळा, कुऱ्हाड, मामांचें फाउंटन पेन आणि मामीचा अडकित्ता यांच्या रांगेंत बसून तें हळदकुंकू लावून घेई. आणि निवडणूक आली म्हणजे ठाण्यांत जमा होऊन, निकाल लागल्यावर घरीं परत येई. एवढेंच त्याचें सार्वजनिक जीवन.

मामी चहा घेऊन आली होती. ती टेबलाकडे न पाहतां माझ्याकडे पाहून म्हणाली, "बापू, विकाचं तं विका. पण हे कोनाच्या हाती जाईन, येवढं मले सांगशीन का?"

"नागपूरच्या परवानेदार दुकानदाराच्या," मामांनीं परस्पर उत्तर दिलें.

"तो काय जवळ ठेवनार हाये का?"

मामांनीं जन्मभर उलटतपासण्या केल्या. पण या प्रश्नावर ते गप्प बसले. प्रस्तुत लेख त्या प्रश्नांतून निघाला आहे. मी कायदेपंडित नाहीं. परंतु आपल्या हातून एखादी वस्तु कायदेशीर रीतीनें दुसऱ्याच्या हातीं गेली म्हणजे तिच्याविषयींची आपली जबाबदारी कोठें संपते, हा प्रश्न केवळ कायदेपंडितांचा आहे असें मला वाटत नाहीं.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९५९ चा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. शस्त्रांचा धंदा करावयाचा तर त्याच्या पांचव्या कलमान्वयें परवाना लागतो. परंतु स्वतःच्या वापरासाठीं रीतसर बाळगलेलें शस्त्र खासगी माणसानें विकावयाचें असेल तर विक्रीचा निराळा परवाना लागत नाहीं. दोन गोष्टी मात्र कराव्या लागतात. आपण अमुक शस्त्र विकणार आहों आणि घेणाऱ्याचें नांव व पत्ता अमुक आहे, असें जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा नजीकच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवावयाचें. आणि कळविल्यापासून निदान पंचेचाळीस दिवस थांबावयाचें. घेणारा असें शस्त्र बाळगण्यास कायद्यानें पात्र असला पाहिजे, हें ओघानेंच आलें. परवान्याची मुदत संपूं दिली तर प्रकरण निराळें होतें. मग एकविसाव्या कलमाप्रमाणें शस्त्र ठाण्यांत किंवा परवानेदार दुकानदाराकडे जमा करावें लागतें, आणि ठराविक काळांत तें परत घेतलें नाहीं वा विकलें नाहीं तर सरकारजमा होतें. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसाजवळच्या बंदुकांची मर्यादा तीनांवरून दोनांवर आणली, तेव्हां ज्यांच्याजवळ तीन होत्या त्यांना तिसरीला असाच निरोप द्यावा लागला. मामांजवळ एकच, आणि परवान्याची मुदत अद्याप चार महिने शिल्लक. म्हणून मार्ग सरळ होता: अर्ज, पंचेचाळीस दिवस, आणि नागपूर.

नागपूरला तें न्यावयाचें कसें, हा प्रश्न निघाला तेव्हां मी पुढें सरसावलों. मामांना दीडशें-दोनशें किलोमीटरचा प्रवास कशाला? त्यांनीं मला एक चिठ्ठी लिहून द्यावी आणि मीं तें पोंचवून यावें. मामांनीं मला कायद्याचें तिसरें कलम वाचून दाखविलें. परवानेदाराच्या लेखी अधिकारानें परवाना नसलेल्या माणसाला शस्त्र नेतां येतें खरें. पण तें दुरुस्तीसाठीं, परवाना नवा करून घेण्यासाठीं, किंवा खुद्द परवानेदाराला वापरावयास देण्यासाठीं. विक्री त्या यादींत नाहीं. "म्हणजे मलाच जावें लागणार," मामा म्हणाले, आणि मला वाटतें त्यांना त्याचा थोडा आनंदच झाला.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक, पण तिच्यांत एक विचार आहे. इतर मालमत्तेंत हक्क वस्तूला चिकटलेला असतो. येथें तो हाताला चिकटलेला आहे. आमच्याच जिल्ह्यानें याचें एक विदारक उदाहरण पाहिलें. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं राळेगांव तालुक्यांत बोराटीच्या परिसरांत 'अवनी' या नांवानें देशभर गाजलेली वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा आरोप तिच्यावर होता. तिला मारावें कीं न मारावें याविषयीं येथल्या माणसांत आणि शहरांतल्या प्राणिमित्रांत जो वाद झाला त्यांत मी शिरत नाहीं. ज्यांच्या घरचा माणूस कापसाच्या शेतांतून परत आला नाहीं त्यांच्यापुढें मला तो वाद घालवतहि नाहीं. परंतु मोहीम ज्या नामांकित शिकाऱ्याकडे सोंपविली होती त्याच्या हातून नव्हे, तर त्याच्या मुलाच्या हातून गोळी सुटली, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी-पथकानें इतर दोषांबरोबर शस्त्रकायद्याच्या भंगाचाहि दोष दाखविला. वाघीण मारण्याचा हुकूम होता. हात कोणाचा, एवढाच प्रश्न होता. आणि कायद्याच्या दृष्टीनें तो लहान प्रश्न नव्हता.

असो. मामांच्या शस्त्राकडे परत येतों. विक्रीची कुणकुण गांवांत लागतांच शेजारच्या खेड्यांतले एक सधन गृहस्थ भेटावयास आले. त्यांना परवाना मंजूर झाला होता, शस्त्र घ्यावयाचें बाकी होतें. नागपूरच्या दुकानदारानें सांगितलेल्या किंमतीच्या दीडपट रक्कम ते रोख देण्यास तयार होते. मामीच्या स्वयंपाकघरावरचें छप्पर दोन पावसाळे गळत आहे. त्या दीडपटींत तें सबंध बदलून निघालें असतें. पण त्या गृहस्थांचा सख्ख्या चुलतभावाशीं बांधाचा तंटा चालू आहे आणि दोन हिवाळ्यांपूर्वीं त्या बांधावर काठ्या चालल्या आहेत, हें मामांना ठाऊक होतें. मामांनीं हात जोडून नकार दिला. कायद्यानें तो गृहस्थ अपात्र नव्हता; मामांच्या मनानें होता.

ते गेल्यावर आम्ही तिघेंहि समाधानानें बसलों होतों. तें समाधान मींच बिघडविलें. नागपूरच्या दुकानदाराला शस्त्र विकल्यावर, हेच गृहस्थ आपला परवाना खिशांत घालून त्याच्या दुकानाची पायरी चढले तर? दुकानदार परवाना पाहील, त्यावर नोंद करील, रजिस्टरांत लिहील आणि शस्त्र देईल. तें दारव्ह्याहून नागपूरला जाईल, आणि नागपूरहून त्याच बांधावर परत येईल. फरक एवढाच कीं त्या वेळीं मधें एक पावती असेल, आणि आम्हांला तें कळणार नाहीं.

तें न कळणें हीच त्या व्यवहारांतली खरी सोय आहे, असें मला त्या रात्रीं वाटूं लागलें. मध्यस्थ आपल्याला किंमत कमी देतो आणि त्या बदल्यांत अज्ञान देतो. हा सौदा आम्हां शेतकऱ्यांच्या मुलांना अपरिचित नाहीं. म्हातारा बैल बाजारांत नेला म्हणजे बाप तो परगांवच्या दलालाला विकत असे, ओळखीच्या माणसाला सहसा नव्हे. ओळखीचा माणूस तो कशासाठीं घेतो हें विचारावें लागलें असतें, आणि उत्तर ऐकावें लागलें असतें. दलालाला कोणी विचारीत नसे. २०१५ सालीं महाराष्ट्रांत बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. त्यामुळें बाजाराचें काय झालें आणि शेतकऱ्याचें काय झालें, हा निराळा आणि कडू विषय आहे. मला आठवतो तो त्या आधींचा बाप: कासरा दलालाच्या हातीं देऊन, बैलाच्या पाठीवर एकदां हात फिरवून, मागें न पाहतां झपाझप चालत सुटलेला. त्याला सर्व ठाऊक होतें. त्यानें फक्त तें कोणाच्या तोंडून ऐकलें नव्हतें.

आपल्याकडे दानाच्या बाबतींत पात्रापात्रविचार मोठा सूक्ष्म आहे. अपात्रीं दान केलें तर पुण्य तर नाहींच, उलट दोष दात्याकडे येतो, असें आपण मानीत आलों. मुलगी देतांना सात घरें पालथीं घालतों. परंतु वस्तूची किंमत घेतली कीं हा सारा विचार एकाएकीं गळून पडतो. जणूं पैशाबरोबर घेणाऱ्याचा स्वभावहि आपण त्याला परत करून टाकतों. दानांत पात्र पाहावयाचें आणि विक्रींत फक्त पैसा, ही विभागणी तांदूळ-डाळीच्या बाबतींत चालून जाईल. ज्या वस्तूचा उपयोगच मुळीं दुसऱ्याच्या देहावर व्हावयाचा, तिच्या बाबतींत ती चालावी काय?

मामांचा नातू अमेरिकेंत असतो. त्याला हकीकत कळली तेव्हां त्यानें फोनवरून सांगितलें, "आजोबा, एवढं काय? कुरियरनं दुकानदाराला पाठवून द्या, इकडे तसंच करतात." मीं थोडें वाचून पाहिलें. नातवाला वाटतें तितकें तेंहि सोपें नाहीं. तेथें १९२७ सालींच टपालानें पिस्तूल पाठविण्यास खासगी माणसाला बंदी करणारा कायदा झाला. मोठ्या खासगी वाहतूक कंपन्याहि अलीकडे परवानेदाराखेरीज इतरांकडून बंदुकांचें पार्सल घेईनाशा झाल्या आहेत. १९६३ त अध्यक्ष केनेडी यांच्यावर जी रायफल चालली ती खोट्या नांवानें टपालानें मागविलेली होती. पुढें १९६८ त मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले, आणि त्याच वर्षीं असा कायदा झाला कीं खासगी माणसानें परराज्यांतील माणसाला शस्त्र परस्पर विकूं नये. तें घेणाऱ्याच्या राज्यांतील परवानेदार दुकानदाराकडे जावें, आणि घेणाऱ्यानें तेथें उभें राहून, कागद भरून, तें उचलावें. एकाच राज्यांतले दोघे मात्र कित्येक ठिकाणीं दुकानदारावांचूनहि व्यवहार करूं शकतात. म्हणजे तेथील कायदा मुख्यतः अंतराला भितो, आमचा हाताला भितो. आणि एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. तेथें दुकानदार हा बहुधा दारावरचा पहारेकरी असतो. घेणारा कोण तें आधींच ठरलेलें असतें. मामीनें तिकडे तोच प्रश्न विचारला असता तर तिला नांव सांगतां आलें असतें. आमच्या व्यवहारांत दुकानदार स्वतःच घेणारा. कायदा घेणाऱ्याचें नांव लिहावयास सांगतो, आणि आम्ही अशा माणसाचें नांव लिहितों कीं जो घेणारा असूनहि घेणारा नाहीं.

यावर कोणी म्हणेल, मग दुकानदार नकोच. माणूस पारखून द्यावें. हें मला पटत नाहीं. वर्ध्याचा सेवाग्राम आश्रम आमच्या शेजारच्याच जिल्ह्यांत आहे. तेथें ज्यांनीं वस्ती केली त्या महात्म्याला ज्या पिस्तुलानें मारलें तें कोणत्याहि दुकानांतून आलें नव्हतें. १९४८ च्या जानेवारीच्या अखेरीस गोडसे आणि आपटे ग्वाल्हेरीस गेले. तेथें ओळखीच्या माणसांमार्फत, हातोहात, इटालियन बनावटीचें एक बेरेटा त्यांना मिळालें. आणि ३० तारखेला तें दिल्लींत होतें. इटलींत तयार झालेलें तें शस्त्र किती हातांतून फिरून ग्वाल्हेरीस आलें याविषयीं लोक आजहि तर्क करीत असतात. त्या साखळींत ओळख होती, विश्वास होता, कदाचित् आपुलकीहि होती. नव्हतें तें रजिस्टर. ओळखीवर जो भरंवसा आपण ठेवतों तो आपल्यासारख्याच माणसांवरचा भरंवसा असतो. आणि आपल्यासारखीं माणसें काय करूं शकतात हें आम्हां मराठी माणसांना त्या दिवशीं कळलें. तेव्हां दुकानदाराचें रजिस्टर मी क्षुद्र लेखीत नाहीं. मात्र शस्त्र कोणाकडे गेलें हें रजिस्टर अनर्थ झाल्यावर सांगतें. कोणाकडे जाऊं नये, हें तें आधीं सांगत नाहीं.

त्याच महात्म्यानें इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्रकायद्यावर कडक टीका केली होती, आणि तो रद्द करा अशी मागणी करणाऱ्यांत त्या वेळचे बरेच मोठे लोक होते, याची येथें आठवण होते. तो कायदा युरोपियनांना सूट देऊन हिंदी माणसाला निःशस्त्र करणारा होता, त्याचा राग योग्यच होता. पण स्वराज्य आल्यावर आम्हीं १९५९ त जो कायदा केला त्यांतहि परवाना राहिलाच. परक्यानें बांधलेलें कुंपण आपलेंच राखण्याची पाळी आली. त्यांत मला विसंगति दिसत नाहीं. पण ज्यांना ती दिसते त्यांच्याशीं मी वाद घालणार नाहीं.

परवान्याविषयीं यवतमाळच्या माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे, ती बाहेरच्यांना सांगावी लागते. आमच्याकडे माणसें गोळीनें फार मरत नाहींत, बाटलीनें मरतात. कीटकनाशक विकणाऱ्यालाहि परवाना लागतो, आणि तसा कायदा योगायोगानें त्याच १९६८ सालचा आहे. परवाना दुकानाच्या भिंतीवर टांगलेला असतो, पावतीपुस्तक गल्ल्यावर असतें. तरीहि २०१७ च्या पावसाळ्यांत या जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना शेंकडों माणसांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास दगावलीं. कारणें अनेक होतीं. एकाच्या माथीं तें मारतां येणार नाहीं. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं भिंतीवरचा परवाना विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार देतो. समोर उभा राहिलेला माणूस आज कोणत्या मनःस्थितींत बाटली मागतो आहे हें पाहण्याची दृष्टि देत नाहीं. ज्या दुकानदारानें एखाद्याला "आज नाहीं, उद्यां या" असें सांगून परत पाठविलें आणि त्यामुळें एक घर राहिलें, त्याची नोंद कोठेंच नसते.

शेवटीं मींच नागपूरच्या त्या दुकानदाराला फोन केला. मनुष्य वयस्क, बोलणें शांत. मामीचा प्रश्न मीं त्याला जसाच्या तसा विचारला. तो रागावला नाहीं. म्हणाला, "साहेब, परवाना पाहतो, माणूसही पाहतो. पण माणूस पाहिल्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची, ते सरकारनं सांगितलं नाही." मग थोडें थांबून त्यानें उलट विचारलें, "वकीलसाहेबांनी ज्यांच्याकडून घेतलं, त्यांनी वकीलसाहेबांना पाहिलं होतं का?"

मीं तें मामांना सांगितलें. ते बराच वेळ हंसत राहिले, आणि मग त्यांनीं जें सांगितलें तें मामीलाहि ठाऊक नव्हतें. १९८६ सालीं तो निवृत्त अधिकारी अर्ज देऊन अमरावतीस निघून गेला होता. पंचेचाळीस दिवसांच्या मुदतींत एके दिवशीं दारव्ह्याच्या कोर्टांत मामांचें काम चालू असतांना, मागच्या बाकावर एक अनोळखी वाटणारा गृहस्थ सकाळपासून सायंकाळपर्यंत बसून होता. काम संपल्यावर मामांनीं निरखून पाहिलें, तों तो अधिकारी. बसनें आला होता. काय काम काढलेंत म्हणून विचारतां तो म्हणाला, कांहीं नाहीं, सहज. आणि निघून गेला. सरकारनें ते दिवस स्वतःसाठीं राखून ठेविले आहेत, पण विकणाऱ्यानें ते वापरूं नयेत असें कोठें लिहिलेलें नाहीं. मामा त्या दिवशीं मुकदमा हरले होते. हरल्यावर माणूस कसा वागतो हेंच कदाचित् त्याला पाहावयाचें असेल, असें मामांना पुढें कितीतरी वर्षांनीं सुचलें.

अर्ज गेला आहे. घेणाऱ्याच्या नांवापुढें त्या दुकानदाराचें नांव आहे. त्याचें नांव म्हणजे आम्हीं विकत घेतलेली सोय आहे, आणि ती आम्हीं घेतली. त्या शेजारच्या गृहस्थाला नाहीं म्हटल्यानें आम्ही तिच्यांतून सुटत नाहीं, हें मला दिसतें. मामीला तें माझ्या आधीं दिसलें होतें. ती मामांना म्हणाली, "तुमाले जा लागतेच नं? मंग एक दिवस जास्त रहा. त्याच्या दुकानात बसून पहा, तो कोनाले काय म्हनते."

आज त्या पंचेचाळीस दिवसांपैकीं एकतिसावा दिवस आहे. मामांनीं नागपूरला दोन रात्रींच्या मुक्कामाची सोय भाच्याकडे लावावयास सांगितली आहे. काल मामीचा फोन आला होता. पावसाआधीं छप्पर व्हावें म्हणून मिस्त्रीला आतांच सांगून ठेवूं कां, असें तिनें विचारलें. मीं म्हटलें, मामा परत येईतों थांब.

"थांबतो मंग," ती म्हणाली. "पानी कोठी थांबते, पन मी थांबतो."